ओळखलंन त्याने

भाड्याचा व्हीसीआर सकाळी नऊच्या आत परत करायचा असे, म्हणून एका रात्रीत चार कॅसेटी बघून संपवायच्या, हा आमच्या गिरगावच्या घरातला मे महिन्याचा रिवाज. साल १९९० असावं. जमिनीवर सतरंज्या, दाराशी शेजारपाजारची मुलं आणि मागे भिंतीला टेकून आजी. तिसरी कॅसेट होती ‘कमिंग टू अमेरिका’. आजीला इंग्रजी येत नव्हतं, पण ती जागी राहायची, आणि मी तिच्या कानाशी बसून जमेल तसं मराठीत सांगत राहायचे.

सिनेमा सुरू होतो तो डोंगरांवरून तरंगत. झामुंडा नावाचा आफ्रिकेतला देश हळूहळू खाली उलगडत जातो. देश कल्पनेतला, पण मागे उमटणारे पुरुषांचे आवाज खरे, दक्षिण आफ्रिकेतल्या लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझोचे. गाणंही खरं. सॉलोमन लिंडा नावाच्या झुलू गायकाने १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये ते पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केलं होतं, ‘म्बुबे’, म्हणजे सिंह. त्याची चाल पुढे जगभर गेली आणि तो स्वतः १९६२ साली गरिबीत वारला. हे मला फार उशिरा कळलं. त्या रात्री ते आवाज फक्त अंगावरून वाऱ्यासारखे गेले.

मग राजवाडा येतो. राजपुत्र अकीम, म्हणजे एडी मर्फी, वाद्यांच्या सुरावर जागा होतो. तो पाऊल टाकेल तिथे मुली पुढे होऊन गुलाबाच्या पाकळ्या उधळतात. बागेत हत्तीचं पिल्लू हिंडतंय. आमची खोली हसू लागली. न्हाणीघराचा प्रसंग आला तेव्हा काकांनी उठून कॅसेट पुढे पळवली, त्यावरही हसले सगळे. पण खरं हसू त्याच्या आधीचं होतं, नुसत्या मुकुटाला आलेलं. आम्हाला ठाऊक असलेली आफ्रिका १९८४-८५ च्या इथिओपियातल्या दुष्काळाची होती. वर्तमानपत्रातली बरगड्या दिसणारी मुलं, त्यांच्या डोळ्यांवर बसलेल्या माश्या. त्या आफ्रिकेच्या डोक्यावर सोन्याचा मुकुट बघितला आणि विनोद होण्याआधीच आम्ही हसून मोकळे झालो. काकांच्या एका मित्राने मांडीवर थाप मारली, “हबशी, आणि म्हणे राजा!”

“त्यात हसण्यासारखं काय आहे?” मागून आजी म्हणाली. “आमचा राजा हबशीच होता.”

ती मुरुडची. तिचे वडील जंजिरा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. मुरुडच्या टेकडीवरचा नवाबाचा वाडा तिने रोज खालून बघितलेला, समुद्रातला किल्ला रोज समोर पाहिलेला. सिद्दी घराण्याचं ते राज्य, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या माणसांच्या वंशजांचं. १९४८ साली विलीन होईपर्यंत ते चाललं. जुन्या कागदांत त्या मुलखाला ‘हबसाण’ म्हटलेलं सापडतं. ‘हबश’ हे अरबीतलं ॲबिसिनियाचं, म्हणजे इथिओपियाचं नाव. आम्ही मुंबईत ते शिवीसारखं वापरत होतो आणि आजीसाठी तो तिच्या माहेरचा पत्ता होता. नवाबसाहेब जाताना रस्त्याच्या कडेला मुलं कशी ओळीने उभी राहायची, हे तिने त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं. नवाबसाहेब प्रेमळ होते की कठोर, यातलं ती काहीच बोलली नाही. राजा होता, एवढंच.

मलिक अंबर आम्ही शाळेच्या इतिहासात वाचलाच होता. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारामागून बाजारात विकला गेलेला तो मुलगा दख्खनेत पोचला. स्वतः तख्तावर न बसता त्याने निजामशाही चालवली, मुघलांना जेरीस आणलं, खडकी वसवली आणि १६२६ साली मरेपर्यंत कारभार सोडला नाही. चार मार्कांच्या टिपेसाठी मी हे पाठ केलं होतं. पाठ केलेलं आणि पडद्यावर दिसणारं यांची गाठ मात्र कधी पडली नव्हती.

अमेरिकेत हा सिनेमा जून १९८८ मध्ये लागला. समीक्षकांचं एकमत झालं नाही, पण प्रेक्षक लोटले. एकट्या अमेरिकेतच सुमारे १२ कोटी ८० लाख डॉलर जमले. त्यातही कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी तो ज्या मायेने घरात ठेवून घेतला, ती आकड्यात मावत नाही. सिनेमातलं न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं ते न्हाव्याचं दुकान, मुष्टियोद्ध्यांवरून हमरीतुमरीवर येणारे म्हातारे, ही माणसं त्यांच्या गल्लीतली होती. त्यातला एक न्हावी आणि बाजूला बसलेला ज्यू म्हातारा, दोघेही मर्फीच. रिक बेकरची रंगभूषा अशी, की आमच्या घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. पण त्या प्रेक्षकांना न्हाव्याच्या दुकानाइतकाच राजवाडाही आपला वाटला, आणि मला त्याचं मोल जास्त वाटतं. ज्यांच्या पूर्वजांची गावं, भाषा, आडनावं जहाजांच्या तळघरात पुसली गेली, त्यांच्यासमोर अकीमचा बाप, झामुंडाचा राजा बनून जेम्स अर्ल जोन्स खांद्यावर सिंहाचं कातडं घेऊन उभा राहिला. शेजारी मॅज सिंक्लेअर, जमैकात जन्मलेली, राणीच्या वेषात. सहा वर्षांनी याच दोघांचे आवाज ‘द लायन किंग’मध्ये मुफासा आणि साराबी झाले. २०१५ च्या हॅलोविनला बियॉन्से आणि जे-झी यांनी मुलीसकट झामुंडाच्या राजघराण्याचा वेष केला होता. सत्तावीस वर्षांत तो राजवाडा कुणाच्या मनातून उतरला नव्हता.

आफ्रिकेतून अमेरिकेत शिकायला गेलेल्या कितीतरी मुलांना मात्र हाच सिनेमा वर्गात टोमण्यासारखा टोचत राहिला. तुमच्या अंगणात हत्ती फिरतात का, तुम्हीही झामुंडाचे का. तेही खरं आहे. अकीमच्या हुकमावरून एका पायावर उड्या मारत कुत्र्यासारखी भुंकणारी ती त्याची नियोजित वधू बघून आजीनेही चुकचुक केली होती, “पोरीला काय हे करायला लावतायत!” शेवटी राजा म्हणतो की लग्न ठरवून देण्याची परंपरा बदलणारा मी कोण, आणि राणी त्याला विचारते की मग राजे तुम्हीच ना. हे आजीने माझ्याकडून दोनदा समजावून घेतलं.

दुसरा भाग २०२१ च्या मार्चमध्ये आला, थेट प्राइमवर. यात राजवारस आहे क्वीन्समधला तरुण, आपण राजपुत्र आहोत हे ज्याला ठाऊकच नाही. म्हातारा राजा जिवंतपणीच स्वतःची अंत्ययात्रा मांडतो आणि ती पाहून डोळे मिटतो. मॅज सिंक्लेअर १९९५ सालीच गेली होती. जोन्स पुढे २०२४ च्या सप्टेंबरमध्ये गेला. टाळेबंदीच्या त्या काळात मी एकटीच बघत होते. रूथ कार्टरचे कपडे देखणे होते, पण खोलीत कुणी हसत नव्हतं, मीही फारशी हसले नाही. सारखं मागे वळून भिंतीकडे बघावंसं वाटत होतं.

त्या रात्री एक प्रसंग आजीने परत लावायला लावला होता. अकीम न्यूयॉर्कमध्ये गरीब विद्यार्थी बनून हॅम्बर्गरच्या दुकानात लादी पुसतो, आणि मालकाच्या मुलीबरोबर बास्केटबॉलचा सामना बघायला जातो. तिथल्या गर्दीत खाण्याच्या वस्तू विकणारा एक माणूस त्याला बघून थिजतो. तो झामुंडाचा. पोटासाठी इतक्या दूर आलेला. तो तिथल्या तिथे वाकून नमस्कार करू लागतो, आणि ओळख लपवणाऱ्या राजपुत्राला कुठे जावं कळत नाही. सतरंज्यांवरचे सगळे खदखदून हसत होते.

“ओळखलंन त्याने,” आजी म्हणाली. “एवढ्या परमुलखात, पण ओळखलंन बघ.” मग मला म्हणाली, “मागे घे गं जरा.”

मी बटण दाबलं. पडद्यावर पांढऱ्या रेघा धावल्या. वाकलेला माणूस सरळ झाला, पाठमोरा न होता मागे मागे सरकत गर्दीत मिसळला, आणि राजपुत्र पुन्हा कुणीच नसलेला झाला. आजी मांडी सावरून पुढे सरकली. मी बोट उचललं.