चार्ज देऊन दोन दिवस



गेल्या नोव्हेंबरात, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पाठीवर सॅक टाकून मी एकटाच दोन दिवस अनंतगिरीला जाऊन आलो. विद्यानगरच्या आमच्या गल्लीत ही बातमीच झाली. कोणी विचारलं, घरात भांडण झालं काय? कोणी म्हटलं, या वयात कसली ही हौस! हौस वगैरे काही नव्हती. का गेलो आणि परत आल्यावर काय झालं ते लिहितो, कारण माझ्यासारखे आपल्यात बरेच असतील.

चार वर्षांपूर्वी हिला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. तेव्हापासून सकाळी सहाची गोळी, तेल लावणं, हातापायाचा व्यायाम, भरवणं, रात्री दोनदा उठून कूस बदलून देणं. दिवसा एक बाई येते, संध्याकाळी सहाला जाते. मुलगा अमेरिकेत, मुलगी पुण्याला. या चार वर्षांत मी एकही रात्र घराबाहेर काढली नव्हती. दिवाळीनंतर मुलगी आठ दिवस राहायला आली. म्हणाली, "बाबा, तुम्ही दोन दिवस कुठंतरी जाऊन या. मी आहे ना." मी नको म्हणत होतो. तेवढ्यात हिनंच डाव्या हातानं दाराकडे बोट केलं आणि म्हणाली, "जा."

विवेकवर्धिनीतून बी.कॉम. झालो आणि छत्तीस वर्षं बँकेत काढली. बदली झाली, रजेवर निघालो, की चार्ज द्यायचा ही सवय हाडात मुरलेली. शुक्रवारी रात्री फुलस्केपची दोन पानं लिहिली. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर. खुर्चीत बसवताना आधी ब्रेक लावायचा, मग आधार द्यायचा. पाणी चमच्यानं, घाई न करता. मुलीनं खाली सही केली आणि हसत म्हणाली, "चार्ज घेतला, साहेब."

सॅक नातवाची. न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवली, तर साडेसहा किलो भरली. त्यात दोन शर्ट, गुडघ्याचा पट्टा, बीपीच्या गोळ्या, टॉर्च, मुलीनं केलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. विद्यानगर स्टेशनवरून एमएमटीएसनं सिकंदराबाद, तिथून वाडीकडे जाणारी गाडी. विकाराबाद जंक्शनला उतरलो आणि क्षणभर थांबलो. इथूनच बीदर, उदगीर, लातूर रोड, परळीचा फाटा निघतो. माझं लहानपण उदगीरचं. १९५६ पर्यंत उदगीर हैदराबाद संस्थानच्या बीदर जिल्ह्यातलं. मग भाषावार प्रांत झाले, आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात गेलो, आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यात. गाव जागेवरच, पत्ते बदलत गेले. वडिलांबरोबर हैदराबादला येताना विकाराबाद आलं की "आता आलंच" असं ते म्हणायचे. त्या फलाटावर मी पहिल्यांदाच एकटा उतरलो.

अनंतगिरी स्टेशनपासून पाच-सहा किलोमीटर. अर्धी वाट रिक्षानं, अर्धी पायी. पावसाळा नुकताच सरलेला, सागाची पानं अजून हिरवी, मधूनमधून सीताफळीची झुडपं. अनंतपद्मनाभ स्वामींच्या देवळात दर्शन घेतलं. मुसी नदी याच डोंगरात उगम पावते. पुराणातली मुचकुंदा ती हीच, असं म्हणतात.

आता आपण हैदराबादकर मुसीला कसं ओळखतो? चादरघाटच्या पुलावर नाकाला रुमाल लावून. कोटीच्या शाखेत असताना वर्षानुवर्षं मी ती तशीच ओलांडली. हिचं माहेर काचीगुड्याचं. तिच्या आजीनं २८ सप्टेंबर १९०८ चा पूर पाहिला होता. अफजलगंजला उस्मानिया दवाखान्याच्या आवारात चिंचेचं एक झाड आहे, त्यावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली. त्या पुरानंतर निजामानं विश्वेश्वरय्यांना बोलावलं, आणि पुढं १९२० मध्ये उस्मानसागर, १९२७ मध्ये हिमायतसागर झाला. एवढा कहर करणारी नदी इथं दगडांतून झिरपणारी धार. मी काठी टेकवून एका ढांगेत ओलांडली!

रात्री खोलीत नऊलाच झोपलो. बरोबर दोन वाजता जाग आली, कारण दोनला कूस बदलायची असते. उठून बसलो, चपला शोधल्या, आणि मग लक्षात आलं की इथं कोणी नाही. बाहेर रातकिडे. खरं सांगतो, मोकळं वाटलं नाही. रडू आलं. या चार वर्षांत रडायलाही वेळ मिळाला नव्हता. मग पाणी प्यालो आणि झोपलो तो थेट साडेसातला उठलो. चार वर्षांतली ती पहिली सलग साडेपाच तासांची झोप.

रविवारी संध्याकाळी घरी पोचलो. ही खुर्चीत, वेणी घातलेली, तोंडावर पावडर. मुलीचे डोळे मात्र खोल गेलेले. ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही हे रोज करता?" मी हिला मुसीची गोष्ट सांगितली, हातानं ढांग दाखवली. ती हसली आणि म्हणाली, "एवढीच?"

सोमवारी सकाळी सहाला तीच गोळी, तेच तेल. दोन दिवसांत माणूस नवा होतो वगैरे खरं नाही. बुधवारपर्यंत कंबर पूर्वीसारखीच दुखू लागली. पण एक गोष्ट बदलली.

बँकेत स्ट्राँग रूमला दोन चाव्या असतात, दोन अधिकाऱ्यांकडे. एकट्यानं तिजोरी उघडत नाही. आता तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीची रजा घ्यावी लागते. त्यामागचं कारण घोटाळे उघडकीला यावेत हे. पण कोणतंही काम एकाच माणसाच्या डोक्यात राहू नये, हा फायदाही त्यात आलाच. आमच्या घरात चार वर्षं एकच चावी होती, ती माझ्याकडे. मी आजारी पडलो असतो, तर हिची कूस कोणी बदलली असती?

मुलगी पुण्याला जाण्याआधी आम्ही दुसरी चावी केली. ती दोन पानं तेलुगूत लिहून घेतली आणि फ्रिजवर चिकटवली. दिवसाच्या बाईला पैसे वाढवून दिले. महिन्यातून एक शनिवार-रविवार ती मुक्कामाला थांबते. शेजारच्या आंटी संध्याकाळी येऊन तासभर बसतात. तीन महिन्यांतून एकदा मुलगी येते. डिसेंबरात मी बीदरचा किल्ला पाहून आलो, जानेवारीत कुठंच नाही, घरातच दुसऱ्या खोलीत रात्रभर झोपलो. तीही रजाच.

आपल्यापैकी जे कोणी घरात आजारी माणसाजवळ एकटे आहात, त्यांना एवढंच सांगणं: डोंगर चढायलाच हवा असं नाही, पण दोन पानांची यादी आज रात्रीच लिहा. चार्ज कोणाला द्यायचा, ते मग ठरवता येतं. तुमच्या घरी ही सोय कशी केलीत, तेही जरूर कळवा.