हवेला उलटी खबर कशी लागते!

सतीश धवन म्हटलं की मला आजवर श्रीहरिकोटा, रॉकेटं आणि इस्रो एवढंच आठवायचं. पण 1951 साली कॅलटेकमध्ये डॉक्टरेट मिळवताना या माणसानं मोजलं काय होतं, तर सपाट पृष्ठावरून सुसाट जाणाऱ्या हवेचं घर्षण! तेही थेट! हे कळल्यापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय.

युक्ती तर बघा. पृष्ठाचा एक चिमुकला तुकडा वेगळा करायचा, भोवती बारीकशी फट ठेवायची आणि तो लवचीक आधारावर असा तोलायचा की वरून वारा गेला की जरासा सरकेल. किती सरकला ते विजेच्या साहाय्यानं टिपायचं, त्यावरून घर्षणाचं बळ कळतं. तुकडा मात्र आजूबाजूच्या पातळीत अगदी तंतोतंत बसायला हवा, कारण ध्वनीहून वेगवान वाऱ्यात किंचित वर आलेल्या कडेवरूनही तरंग उठतो.

आणि आघात तरंग, म्हणजे हवेचा दाब एका झटक्यात वाढवणारा तरंग! इथं तर मी अक्षरशः वेडावलो. कॅलटेकमधलेच हान्स लीपमन, अनातोल रोश्को आणि धवन यांनी पृष्ठावर मुद्दाम आघात तरंग सोडला आणि तो परततो कसा ते पाहिलं. आता विचार करा: दाबाची खबर ध्वनीच्या वेगानं जाते, म्हणजे ध्वनीहून वेगवान वाऱ्यात ती उलट दिशेनं जाऊच शकत नाही. पुढं काय वाढून ठेवलंय, याचा वाऱ्याला पत्ताच नसतो. पण जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी 1904 मध्येच दाखवून दिलं होतं की पृष्ठाला टेकलेली हवा थांबलेली असते. म्हणजे तिच्या लगतच्या पातळ सीमास्तरात ध्वनीहून हळू चालणारी एक पट्टी असतेच असते, आणि खबर नेमकी तिथूनच उलटी सरकते! तरंग आदळतो एकीकडे, दाब वाढू लागतो त्याच्या कितीतरी अलीकडे!

सीमास्तर संथ, थरांनी वाहणारा असेल तर ही खबर खूप दूर पोचते, स्तर फुगतो आणि स्वतःच नवे तरंग वर फेकतो. तो खळाळता असेल तर मात्र कॅरमच्या कडेवरून स्ट्रायकर परतावा तसा तरंग जवळजवळ सरळ परततो. म्हणजे नुसत्या तरंगाच्या आकृतीवरून खालचा स्तर कोणत्या जातीचा ते ओळखता येतं. आणि खळाळत्या स्तराचं घर्षण संथाच्या कितीतरी पट असतं, हे लक्षात घेतलं की या ओळखीचं मोल कळतं. या घर्षणाचा प्रताप बघा: ध्वनीच्या दुप्पट वेगानं उडणारं कॉन्कॉर्ड विमान हवेच्या दाबानं आणि घर्षणानं तापून काही इंच लांब व्हायचं!

पुढं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आल्यावरही धवन सीमास्तरातच रमले. संथ स्तर खळाळता होताना अधल्यामधल्या टापूत नक्की काय घडतं, यावर त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी रोद्दम नरसिंह यांनी 1958 मध्ये निबंध लिहिला. सध्या मी तोच वाचतोय, समीकरणांपाशी अडखळत, पण सोडवत नाही!