पीटरचा निळा कोट

बीट्रिक्स पॉटर यांचा पीटर ससा डोळ्यांपुढे येतो तो पितळी गुंड्यांच्या निळ्या कोटासकटच. गोष्टीत मात्र त्या कोटाचं नशीब हरवण्याचंच आहे. मॅकग्रेगरच्या मळ्यात चोरून शिरलेला पीटर पळताना आधी पायांतले जोडे गमावतो. मग तो चार पायांवर धावू लागतो आणि त्याचा वेग वाढतो. पुढे गूजबेरीच्या झुडपांवरच्या जाळीत कोटाच्या मोठ्या गुंड्या अडकतात. चाळणी घेऊन मॅकग्रेगर अंगावर येतो, आणि कोट तिथेच टाकून पीटर निसटतो, म्हणून वाचतो. त्याचा बाप याच मळ्यात सापडला होता आणि मॅकग्रेगरबाईंच्या स्वयंपाकात गेला होता, हे आईनं पहिल्या पानांतच सांगून ठेवलेलं असतं. तेव्हा हे पळणं काही गमतीचं नाही. ज्यांनी ससे पाळले, न्याहाळले आणि हाडामांसासकट रेखाटले, त्या पॉटरबाईंनी हा बदल चित्रांतही नेमका दाखवला आहे. कोट आणि जोडे दोन्ही असतात तोवर पीटर माणसासारखा दोन पायांवर उभा असतो. ते गेले की तो बहुतेक निव्वळ ससाच उरतो. शहाण्या घरातलं कपडे घातलेलं मूल आणि जिवाच्या भीतीनं धावणारं जनावर, या दोघांमधली ये-जा हाच या चिमुकल्या पुस्तकाचा प्राण आहे.

आता काचेच्या कपाटातला पीटर पाहू. इंग्लंडात स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या लाँगटनमध्ये जॉन बेसविक कंपनीचा भांड्यांचा कारखाना होता. तिथे १९४० च्या दशकाच्या अखेरीस आर्थर ग्रेडिंग्टन या मूर्तिकारानं आधी पॉटर यांच्या गोष्टीतली जेमायमा बदकीण घडवली आणि १९४८ मध्ये पॉटर यांच्या दहा पात्रांचा पहिला संच बाजारात आला. पीटर त्यात होताच. पुढची पन्नासहून अधिक वर्षं या पुतळ्या निघत राहिल्या. काम सुबक आहे, रंग मूळ चित्रांना धरून आहेत. पण हा पीटर कायमचा दोन पायांवर उभा आहे आणि निळा कोट त्याच्या अंगाबरोबरच भट्टीत भाजला गेला आहे. त्या कोटातून त्याला कधीच निसटता यायचं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की चित्र-पुस्तकावरून केलेली वस्तू चांगली की वाईट हे तिच्या हुबेहूबपणावर ठरत नाही. पात्राला गोष्टीत जे करावं लागतं, ते करायला ती वस्तू हाताळणाऱ्याला वाव देते का, यावर ते ठरतं.

यावर पहिला आक्षेप असा, की पुस्तकावरून वस्तू काढण्याची ही वाट खुद्द लेखिकेनंच घालून दिली. ते खरंच आहे. आजारी पडलेल्या एका ओळखीच्या मुलाला १८९३ मध्ये लिहिलेल्या सचित्र पत्रातून ही गोष्ट जन्मली, १९०१ मध्ये पॉटर यांनी स्वखर्चानं तिच्या अडीचशे प्रती छापल्या, १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीनं ती रंगीत चित्रांसह काढली, आणि १९०३ संपायच्या आत पीटरच्या बाहुलीची नोंदणी लंडनच्या पेटंट कचेरीत झालीसुद्धा. पाठोपाठ पटावरचा खेळ आला. धंद्याची ही जाण बाईंच्या अंगी मुरलेली होती, तेव्हा त्यांना निरागस कलावंत आणि कारखानदारांना लुटारू ठरवणं खोटेपणाचं होईल. पण त्यांनी पहिल्यांदा केलं काय, तेही पाहायला हवं. त्यांनी मांजरपाटाचे तुकडे कातरून ससा बेतला आणि त्याच्या मिशांसाठी ब्रशचे केस उपटले. पटावरच्या खेळातही मॅकग्रेगर पीटरचा पाठलागच करतो. बाहुली चुरगळते, मळते, पलंगाखाली हरवते. पटावर पीटर कधी सापडतो, कधी सुटतो. दोन्हींत धावाधाव शिल्लक आहे.

दुसरा आक्षेप संग्राहकांचा. मोठ्या माणसानं बालपणीचं पुस्तक जपण्यासाठी पुतळी घेतली, तर त्यात कोणाचं काय बिघडलं? काहीच नाही, आणि त्या मायेची टवाळी करण्याचंही कारण नाही. पण संग्रहाचे नियम मायेवर चालत नाहीत. जाणकार पुतळी हातात घेतो आणि आधी उलटी करून तळ पाहतो. शिक्का सोनेरी असेल तर ती १९७२ च्या आधीची, तपकिरी असेल तर नंतरची. किंमत त्या शिक्क्यावर हलते. डचेस नावाच्या काळ्या कुत्रीची फुलं हातात धरलेली पुतळी १९५५ मध्ये आली आणि १९६७ मध्ये बंद झाली, म्हणून आज तिच्यावर उड्या पडतात. पुस्तकाचं मोल ते किती हातांतून गेलं यावर वाढतं, पुतळीचं मोल ती किती थोड्यांना मिळाली यावर. कानाचा जरा टवका उडालेला असला की भाव कोसळतो, त्यामुळे ज्या पोरासाठी हा ससा जन्मला त्याच पोराचा हात त्याला लागू नये, अशी व्यवस्था करावी लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पुस्तकांच्या आणि त्यांवरच्या वस्तूंच्या उत्पन्नानं पॉटर यांना इंग्लंडातल्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात शेतं घेता आली, आणि १९४३ मध्ये त्या वारल्या तेव्हा चार हजार एकरांहून अधिक जमीन नॅशनल ट्रस्ट या संस्थेला मिळाली. ज्या डोंगरकुशीत ही जनावरं रंगली, ती जमीन अशा पैशानंही वाचली. हे ऋण मान्य करायलाच हवं. फक्त त्यानं पुतळीची बाजू सिद्ध होत नाही, विक्रीची होते. आणि विकायचंच तर खेळता येईल असंही विकता येतं. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे घ्या. तेही दुकानातूनच येतात, पण पोरं त्यांना रोज नव्या बुरुजावर चढवतात, लढवतात, एखाद्याचा हात मोडला तर त्याला जखमी ठरवून पुन्हा पहाऱ्यावर उभं करतात. तिथे मोडणंसुद्धा गोष्टीत सामावून जातं.

म्हणून ज्यांना पीटर घरी आणायचा आहे त्यांना एवढंच सांगणं, की आधी पुस्तक आणा. एकेका पानावर चित्र आणि समोर दोन-चार ओळी असं ते लहान मुलाच्या मुठीत मावेल एवढंच आहे, कारण पॉटर यांचा आग्रहच तसा होता. पुतळी त्यानंतर आणा आणि मुलाचा हात पोचेल अशा फळीवर ठेवा. कधीतरी ती पडेल, फुटेल. नुकसान होईल ते पैशांचं. गोष्टीतल्या पीटरनं तर पंधरा दिवसांत दोन कोट हरवले होते, आणि आईनं त्याला काढा पाजून झोपवलं होतं.