दोन जादा दांडे

जुन्या जीपमध्ये पहिल्यांदा बसणारा माणूस खाली बघतो आणि विचारतो, "हे तीन दांडे कशाला हो?" लांब दांडा गिअरचा, हे कुणालाही कळतं. उरलेल्या दोन आखूड दांड्यांपैकी एक पुढच्या चाकांना कामाला जुंपतो आणि दुसरा वेग उतरवून जोर जवळजवळ अडीच पट करतो. पण पहिला लावल्याशिवाय दुसरा लागत नाही. ही योजना करणारा गृहस्थ नक्की एकत्र कुटुंबातला असणार.

आमची जीप १९६५ सालची, सीजे थ्रीबी. घराणं मूळ अमेरिकन. विलिस कंपनीनं १९५३ साली हे मॉडेल काढलं. नवं इंजिन उंच निघालं म्हणून बॉनेटच उंच केलं. त्यामुळे समोरून गाडी फेटा बांधून लग्नाला निघाल्यासारखी दिसते. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली बंद झालं, पण आपल्याकडे महिंद्रांनी पुढेही कितीतरी वर्षं ते बनवलं.

फोर-व्हील म्हणजे चारही चाकं ओढणार, अशी माझी भाबडी श्रद्धा होती. आमच्या मिस्त्रींनी ती एका वाक्यात मोडली. "साहेब, पुढं-मागं दोन्हीकडं डिफ्रन्शल हाय. जे चाक चिखलात घसरतंय तेच गरगर फिरतंय, जोडीचं गप बसतंय."

"म्हणजे चारांतली दोनच फिरणार?"

"नशीब फुटकं असंल तर. पर एक फुडचं आन एक मागचं, बक्कळ झालं की!"

डांबरी रस्त्यावर मात्र हे प्रकरण लावून हिंडायचं नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि हा फरक मिटवणारं जीपच्या पोटात मध्ये काहीच नसतं. सगळा ताण दातांत अडकतो. मग दांडा दोन्ही हातांनी ओढला तरी ढिम्म हलत नाही. चार हात रिव्हर्स घेतली की आपसूक सुटतो. टायरसुद्धा चारही एका मापाचे हवेत. पुढे गुळगुळीत आणि मागे नवेकोरे घातले, तर सरळ रस्त्यावरही हेच भांडण.

देखभालीचं म्हणाल तर माझा रविवार गाडीखाली जातो. शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस, पुढच्या चाकांमागच्या गोळ्यांना ग्रीस. त्या गोळ्यांवर नमद्याचा सील असतो. तो झिजला की ग्रीस बाहेर आणि चिखल आत. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर तर सख्खे शेजारी. एकाचं तेल गुपचूप दुसऱ्याकडे जातं, म्हणून कमी कुठे झालं हे पाहताना जास्त कुठे झालं तेही पाहावं लागतं. बायको हे सगळं ओट्यावरून बघते आणि म्हणते, "एवढी सेवा कुलदैवताची केली असती तर!"

तिचा मुद्दा हिशेबी होता. फोर-व्हील वर्षातून लागणार दहा मिनिटं. उरलेलं वर्षभर पुढचा शाफ्ट फुकट फिरणार आणि पेट्रोल खाणार. शेजारच्या निवृत्त हेडक्लार्कनी तिला सल्ला दिला होता, "शाफ्ट काढून विकून टाका, वहिनी." गिऱ्हाईकही त्यांनीच शोधलं.

मिस्त्रींनी तोडगा काढला : पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब. लढाईतल्या जीपगाड्या स्वस्तात विकायला निघाल्या, तेव्हा १९४८ च्या सुमारास सिअ‍ॅटलच्या आर्थर वॉर्न यांनी त्यांच्यासाठी असे हब बनवायला घेतले. चाकाच्या मधोमध एक चकती. ती सोडवली की चाक एकटंच फिरतं, आतला सगळा गोतावळा विश्रांती घेतो. गोम एकच. चकती फिरवायला खाली उतरावं लागतं, आणि आठवण होते ती गाडी चिखलात रुतल्यावरच. शिवाय महिन्यातून एकदा हब लावून गाडी कच्च्या रस्त्यावर चालवायची, म्हणजे तेल सगळीकडे पोचतं. बायको याला 'शाफ्टला फिरायला नेणं' म्हणते.

हब बसले तरी गिऱ्हाईक काही हटेना. येत्या शनिवारी शाफ्ट न्यायचा, इथवर ठरलं. त्याच बुधवारी गगनबावड्याकडून फोन आला. सासूबाई गोठ्यात घसरल्या, पाय हलवता येईना. श्रावणातला पाऊस, डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत तीन किलोमीटर तांबडा चिखल, आणि एकही गाडी आत यायला तयार नव्हती. डांबर संपलं तिथेच मी उतरून दोन्ही हब फिरवले, दांडे ओढले आणि जीप मुंगीच्या पावलांनी घरापर्यंत नेली. येताना सासूबाई मागच्या बाकावर आडव्या, बायको त्यांचा पाय धरून. अर्ध्या चढावर गाडी तिरकी सरकली. बायकोनं डोळे मिटले. मी लो गिअरमध्ये नुसता पाय हलका ठेवला. पुढची चाकं कण्हली, कशाला तरी धरली आणि वर चढली.

"जावईबापू," मागून आवाज आला, "फुडची चाकं बी वढत्यात व्हय? ग्वाड हाय की तुमची गाडी!"

दीड महिना प्लॅस्टरमध्ये काढून सासूबाई आता गोठ्यात परतल्या आहेत. दर रविवारी त्यांचा फोन येतो. लेकीची चौकशी, नातवंडांची चौकशी, मग फोन माझ्याकडे द्यायला सांगतात.

"शाफ्ट हाय न्हवं जाग्यावर?"