न्यूट्रलचा माग

आषाढ लागला की दहिवली, कडाव, कशेळे, चौक, सगळीकडून एकच निरोप येतो : गीझर लावला की आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडतो. काहींनी तोवर गीझर बदललेलाही असतो. गीझरमध्ये बहुतेक वेळा काहीच नसतं. दोष सापडतो मागच्या पडवीतल्या दिव्याच्या न्यूट्रलमध्ये, आणि तो दिवा तेव्हा बंद असतो.

वायरमन म्हणून एवढ्या वर्षांत मला दुसऱ्या कशानं इतकं छळलेलं नाही. फेजची गळती सरळ असते. एकेक एमसीबी पाडत गेलं की हाती लागते. न्यूट्रलची लागत नाही. सिंगल पोल एमसीबी पाडला तरी न्यूट्रल लिंकला जोडलेलाच राहतो, दिव्याचं बटण बंद केलं तरी राहतो. घरात लोड नसतो तेव्हा न्यूट्रल आणि जमीन यांच्यात फारसा फरक नसतो, म्हणून गळती गप्प बसते. दोन किलोवॅटचा गीझर सुरू झाला की लांबच्या डीपीवरून आलेल्या लाइनीत न्यूट्रल दोन-तीन व्होल्ट वर चढतो. तिकडे ओल्या भिंतीतल्या लोखंडी ब्रॅकेटला तडकलेल्या रबरातून न्यूट्रल टेकलेला असतो. वाट 100 ओहमची असली तर 3 व्होल्टला 30 मिलिअँपिअर झाले, आणि आरसीसीबी तेवढ्यावरच पडायला बनवलेला. मी पोचेपर्यंत दोन तास ऊन पडतं, भिंत जराशी सुकते, गीझर बिनतक्रार चालतो. घरातली माणसं माझ्याकडे बघतात.

इथे वीज होती आणि नव्हतीही. खोपोलीचं वीजघर 1915 चं, भिवपुरीचं 1922 चं. त्यांच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या, आणि भिवपुरीतून सुटलेल्या पाण्यावर राजनाला कालव्याकाठी उन्हाळी भात पिकला. पण डोंगराखालच्या घरांत कितीतरी वर्षं कंदीलच होता. मग वायरिंग झालं ते माजघरातला दिवा, ओटीवरचा दिवा आणि रेडिओ एवढ्यापुरतं. त्याच बारीक तारेवर आज फ्रिज, मिक्सर, पंप आणि गीझर लटकले आहेत.

त्यातले पुष्कळ बोर्ड माझ्या हातचे. सागाची फळी, कडा उतरत्या तासलेल्या, वर पॉलिश, काळी गोल बटणं एका रेषेत, आणि प्रत्येक स्क्रूची खाच उभी. त्या खाचांचा मला फार अभिमान. कुणाच्या घरी बारशाला गेलो तरी आधी बोर्डाकडे नजर जाते. ‘काका, तुम्ही लावलेला बोर्ड अजून चालतोय हो,’ असं कुणी म्हटलं की पुढचा आठवडा माझा चांगला जातो.

गेल्या पावसाळ्यात आयटीआय करून आलेली एक पोर माझ्या हाताखाली आली. नेरळच्या एका घरात आरसीसीबी पडत होता. मी सवयीनं एमसीबी पाडायला लागलो. ती म्हणाली, ‘काका, आधी मेन बंद करून न्यूट्रलच सगळे लिंकमधून सोडू या, आणि एकेकाला मेगर लावू.’ सोडले. तिसऱ्या तारेला मेगरचा काटा शून्याजवळ, म्हणजे तारेचं इन्सुलेशन गेलेलं. ती तार गेली थेट माझ्या जुन्या बोर्डामागे. तिनं फळी उतरवली. आत वाळवीनं ओल्या मातीची नळी बांधली होती, न्यूट्रलच्या किटकॅट फ्यूजपासून भिंतीतल्या जुन्या लोखंडी पाइपापर्यंत. पाइप अर्थला होता.

गळती सापडल्याचा आनंद मला व्हायला हवा होता. मी फळी पुसून घेत होतो. ती म्हणाली, ‘ही परत लावायची नाही ना?’ मला राग आला, आणि तो बराच वेळ गेला नाही.

तिचंच खरं आहे. लाकूड पाणी धरतं आणि पेटतं. शिवाय न्यूट्रलला फ्यूज ही त्या काळची रीत जीवघेणी : न्यूट्रलचा उडाला तर घर मेल्यासारखं दिसतं आणि होल्डरात फेज जिवंत. तरीही एक सांगतो, फेज आणि न्यूट्रलच्या त्या दोन किटकॅटमुळे न्यूट्रल चिमटीनं उपसता यायचा. आजच्या डब्यांत डबल पोल एमसीबी घाला म्हटलं की लोकांना तो खर्च जड वाटतो.

शनिवार-रविवारच्या बंगल्यांची कामं करायला बाहेरून येणाऱ्यांबद्दल मी बरं बोलू शकत नाही. काचेसारखी बटणं, छतात दिव्यांच्या पट्ट्या, आणि हिरवी तार कुठेच नाही. सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला बांधून देतात. बाहेर न्यूट्रल तुटला की फ्रिजचं अंग फेज होतं. आरसीसीबी पडतो म्हणून त्याला बाजूला टाकून थेट जोडणारेही मी पाहिलेत. यांच्या हातात मी टेस्टरसुद्धा देणार नाही.

नियमानं 500 व्होल्टच्या मेगरला एक मेगओहम आला की वायरिंग पास. मे महिन्यात मातीची भिंतही तो आकडा सहज देते. म्हणून जुन्या घराचा उन्हाळ्यातला आकडा मी आता कुणाला सांगत नाही, श्रावणात बोलवा म्हणतो. पुष्कळजण तोवर दुसरा वायरमन गाठतात. नेरळच्या त्या घरात मात्र नवा डबा बसला, डबल पोल. स्क्रू तिनं लावले, खाचा उभ्या करायला मी तिला सांगितलं होतं.