खांबावरची परिपत्रकं

बर्लिनमधलं ज्यू हत्याकांडाचं सगळ्यात मोठं स्मारक मला भिडलं नाही, हे आधीच सांगून टाकते. ब्रांडेनबुर्ग दरवाजापासून चालत जाण्याच्या अंतरावर करड्या काँक्रीटचे २,७११ ठोकळे उभे आहेत. पीटर आयझेनमन या वास्तुरचनाकाराचं हे काम २००५ मध्ये खुलं झालं. जमीन खालीवर होत जाते, आत शिरावं तसे ठोकळे उंच होतात, रस्त्याचा आवाज विरतो. हे सगळं खरं. पण एकाही ठोकळ्यावर अक्षर नाही. नगरपालिकेच्या आस्थापना विभागात कागद वाचण्यात हयात गेलेल्या माझ्यासारखीला कोऱ्या दगडापुढे काय करावं ते समजेना. कडेच्या बुटक्या ठोकळ्यांवर शाळेची मुलं उड्या मारत होती. नावं आहेत, पण ती जमिनीखालच्या माहिती केंद्रात.

ज्यू संग्रहालयात मात्र अडखळले. डॅनियल लिबेस्किंडच्या त्या वाकड्यातिकड्या इमारतीत एका अरुंद, उंच पोकळीत जाड लोखंडातून कापलेले दहा हजारांवर चेहरे पसरले आहेत. तोंडं उघडी. मेनाशे कादिशमान या इस्रायली शिल्पकाराची ही कलाकृती. बघणाऱ्याने त्यांच्यावरून चालत जायचं. सोबतची भाची चार पावलं गेली आणि असा खणखणाट झाला की तीच दचकून थांबली. माझा पाय उचलेना. पुस्तकाला पाय लागला तरी हात जोडणारी मी, चेहऱ्यावर पाय कुठून देणार! "मावशी, तुला नको असेल तर नको," म्हणत ती परत आली. कलावंताला बहुधा हेच हवं असावं.

पण माझी झोप उडवली ती शोनेबेर्गमधल्या बव्हेरियन वस्तीने. तिथे संग्रहालय नाही, तिकीट नाही, दरवाजाही नाही. झाडांच्या रांगा, बाल्कनीत फुलझाडं, खाली बेकरी; सुखवस्तू मध्यमवर्गाची वस्ती. आइनस्टाइन इथल्याच हाबरलांड रस्त्यावर राहायचे. पूर्वी इथे डॉक्टर, वकील, प्राध्यापक असलेली ज्यू कुटुंबं पुष्कळ होती. रेनाटा श्टी आणि फ्रीडर श्नॉक या दोघांनी १९९३ मध्ये इथल्या दिव्यांच्या खांबांवर ८० पाट्या लावल्या. पाटीच्या एका बाजूला साधं, रंगीत, बालभारतीच्या पुस्तकात शोभेल असं चित्र. दुसऱ्या बाजूला नाझी काळातला ज्यूंविरुद्धचा एकेक हुकूम, बहुतेक तारखेसकट.

एका पाटीवर पाव. मागे मजकूर: बर्लिनमधल्या ज्यूंनी खाद्यपदार्थांची खरेदी फक्त दुपारी चार ते पाच या वेळेतच करावी. जुलै १९४०. भाची वाचून दाखवत होती, मी मनातल्या मनात हिशेब करत होते. रेशनिंगचे दिवस. सकाळी माल येणार, बाकीच्यांची खरेदी उरकणार, चार वाजता फळ्यांवर काय उरणार? "ज्यूंना अन्न देऊ नये" असं कुणी लिहिलेलं नाही. नुसती वेळ ठरवून दिली आहे. हे ज्याने लिहिलं तो आपल्या कामात हुशार होता. मी ओळखते असा मसुदा.

एकावर मांजर. फेब्रुवारी १९४२ : ज्यूंना पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत. ड्रेस्डेनच्या विक्टर क्लेम्पेरर या प्राध्यापकांच्या डायरीत या हुकुमाचं पुढे काय झालं ते आहे. त्यांचा बोका होता, मुशेल. दुसऱ्या कुणाला देऊन टाकायचीही मुभा नव्हती. मे महिन्यात त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन मारवून घ्यावं लागलं.

अशा पाट्या वाचत आम्ही गल्ल्यागल्ल्यांतून फिरत राहिलो. एप्रिल १९३३, ज्यू सरकारी नोकर बडतर्फ. त्याच वर्षी जुलैत बुद्धिबळ संघटनेतून ज्यू बाहेर. १९३८ च्या डिसेंबरात पोहण्याचे तलाव बंद. १९३९ पासून पुरुषांच्या नावापुढे 'इस्रायल' आणि बायकांच्या नावापुढे 'सारा' जोडणं सक्तीचं. (आमच्या अलिबागला इस्रायल आळी आहे. तिथल्या ज्यू मैत्रिणीच्या घरी मी मलिदा खाल्लेला आहे.) मग रेडिओ जमा करा, टेलिफोन तोडा. जून १९४२, अंडी मिळणार नाहीत. जुलै १९४२, दूध मिळणार नाही.

या शेवटच्या तारखांपाशी मी थबकले. कारण आदल्याच दिवशी आम्ही ग्रुनेवाल्ड स्टेशनच्या १७ नंबरच्या फलाटावर जाऊन आलो होतो. तिथे फलाटाच्या कडेने ओतीव पोलादाच्या १८६ पट्ट्या बसवल्या आहेत; बर्लिनमधून सुटलेल्या प्रत्येक गाडीची तारीख, ज्यूंची संख्या, कुठे नेलं ते. पहिली गाडी १८ ऑक्टोबर १९४१ ची, हजाराहून जास्त माणसं, पोलंडमधल्या वूच शहराकडे. म्हणजे मांजरांचा हुकूम निघाला तेव्हा गाड्या सुटायला लागून चार महिने झाले होते. अंड्यांचा निघाला तेव्हा आठ. माणसं मारायला पाठवणं सुरू आहे, आणि दुसऱ्या टेबलावर त्याच माणसांच्या न्याहारीबद्दल मसुदा तयार होतोय, साहेबांच्या सहीला जातोय, प्रती निघताहेत. लोकांना हा वेडेपणा वाटेल. मला तो अगदी नेहमीचा कारभार वाटला. काम थांबवा असं त्या विभागाला कुणी कळवलं नव्हतं, एवढंच.

पाट्या लागत होत्या तेव्हा काही रहिवाशांना त्या खऱ्याच ज्यूद्वेष्ट्यांनी लावल्या असं वाटलं. पोलिसांकडे तक्रार गेली, काही पाट्या उतरवल्या गेल्या. नंतर प्रत्येकीखाली 'हे स्मारक आहे' असा खुलासा लावला, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. भाचीच्या मते तो खुलासा नसता तर जास्त परिणाम झाला असता. मला तो असलेलाच बरा वाटतो. सरकारी भाषेतला हुकूम दिसला की त्यावर अंमल करायला निघणारी माणसं मी पाहिली आहेत.

शेवटी वानझे तळ्याकाठचा बंगला पाहिला. युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची आखणी करायला २० जानेवारी १९४२ ला इथे १५ नाझी अधिकारी दीडेक तास बसले, त्यातले बरेचसे डॉक्टरेट मिळवलेले. काचेखाली बैठकीच्या इतिवृत्ताची नक्कल आहे. त्यात ज्यूंच्या संख्येचा देशवार तक्ता, इंग्लंड ३,३०,०००, आयर्लंड ४,०००, अल्बानिया २००. बेरीज एक कोटी दहा लाखांवर. जे देश ताब्यातही नव्हते तेही धरलेले. या इतिवृत्ताच्या ३० प्रती निघाल्या होत्या. महायुद्धानंतर १९४७ मध्ये परराष्ट्र खात्याच्या दप्तरात एक सापडली, क्रमांक १६ ची. उरलेल्या एकोणतीस ठिकाणचे कागद आपोआप गहाळ झाले यावर दुसऱ्या कुणी विश्वास ठेवावा. मी दप्तर सांभाळलेलं आहे.