एकच पेनल्टी, दोनदा

चंद्रपूरला ऊर्जानगरच्या मैदानावर गोलकीपर कोण होणार यासाठी कधी टॉस करावा लागला नाही. ज्याला पळता येत नाही तो कीपर. म्हणजे मी. दोन्हीकडे चपला ठेवल्या की गोल तयार. वर बार नसल्यामुळे उंचावरून गेलेल्या प्रत्येक बॉलवर दहा मिनिटं भांडण. मैदान मुरमाचं, त्यामुळे अंग झोकून देण्याचा प्रश्नच नव्हता, गुडघे सोलून निघायचे. दहा बॉल अडवले तरी कुणी काही बोलत नसे. एक सुटला की बॅकला उभा असलेला गडी ओरडायचा, "काऊन बे, झोपला होता का?"

तेव्हापासून कुठलीही मॅच बघताना माझं लक्ष कीपरकडेच जातं.

२० डिसेंबर २०१५, रविवार. मी नागपूरला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. इंडियन सुपर लीगची फायनल, मडगावजवळच्या फातोर्डा स्टेडियमवर. एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. होस्टेलवर आम्ही चौघं एका मोबाइलला चिकटलेलो. गोव्याचा कीपर होता लक्ष्मीकांत कट्टीमणी. गोव्याचाच मुलगा, वास्को आणि देम्पो या क्लबांतून खेळत वर आलेला. त्या सामन्यात त्यानं पेनल्टीही अडवली होती. ८७व्या मिनिटाला जोफ्रेनं गोल मारला, गोवा २-१. स्टेडियममध्ये नाच सुरू झाला.

नव्वदाव्या मिनिटाला गोलपुढच्या गर्दीत बॉल कट्टीमणीकडूनच जाळीत गेला. नोंद त्याच्याच नावावर, सेल्फ गोल. ते पचायच्या आत स्टिवन मेंडोझानं तिसरा मारला. ३-२. घरचं मैदान, घरची माणसं, आणि तीन-चार मिनिटांत सगळं गेलं. आमच्यातला एकजण म्हणाला, "हा आता संपला." मीही मान हलवली. अठराव्या वर्षी माणूस दुसऱ्याबद्दल फार पटकन निकाल देतो.

कीपरच्या चुकांना तशीही माफी नसते. ब्राझीलच्या बार्बोसाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९५०च्या वर्ल्डकपमध्ये उरुग्वेच्या घिग्गियाचा एक गोल त्याच्या डावीकडून गेला आणि २०००मध्ये मरेपर्यंत लोकांनी त्याला तोच गोल ऐकवला. स्ट्रायकरनं सोपी संधी घालवली तर दहा मिनिटांनी दुसरी मिळते. कीपरच्या चुकीचा आकडा मात्र थेट स्कोअरबोर्डवर जातो.

२०१९मध्ये नोकरीसाठी हैदराबादला गेलो. आम्हा चंद्रपूरकरांना मुंबईपेक्षा तेच जवळ. बल्लारशाहहून गाडी पकडली की पाच-सहा तासांत सिकंदराबाद. त्याच वर्षी पुण्याच्या बंद पडलेल्या टीमच्या जागी हैदराबाद एफसी आली. गच्चीबावलीच्या ऑफिसांच्या गर्दीतच त्यांचं स्टेडियम. आणि टीममध्ये कट्टीमणी! पहिल्या सीझनमध्ये १८ सामन्यांत २ विजय, तळाचा नंबर. मी आणि ही टीम एकाच वर्षी शहरात आलो, आणि दोघांचंही काही खरं दिसत नव्हतं.

माझा सेल्फ गोल २०२१च्या नोव्हेंबरात झाला. रात्री अकरा वाजता, टेस्टिंगच्या डेटाबेसवर आहे असं समजून प्रॉडक्शनवर डिलीट चालवलं. अट लिहायची राहून गेली होती. बॅकअप आदल्या रात्रीचा, म्हणजे दिवसभराच्या ऑर्डरी गेल्या. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मीटिंगमध्ये सगळे अतिशय सभ्य भाषेत 'प्रोसेस'बद्दल बोलले आणि त्यानंतर प्रॉडक्शनचं काम माझ्याकडे येणं हळूहळू बंद झालं. नवीन आलेल्या मुलीनं एकदा निरागसपणे विचारलं, "तो तूच ना?" त्याआधी दोन वर्षं मी काय काय बांधलं होतं, ते कुठल्याच वाक्यात येत नव्हतं.

मार्चमध्ये धुळवडीला घरी आलो तेव्हा ड्राफ्टमध्ये राजीनामा लिहून ठेवला होता. पुढची नोकरी नव्हती. घरी सांगितलं नव्हतं.

२० मार्च २०२२. पुन्हा वीस तारीख, पुन्हा रविवार, पुन्हा फातोर्डा. कोविडमुळे दोन सीझन रिकाम्या स्टेडियममध्ये खेळून झाल्यावर फायनलला प्रेक्षक आले होते आणि ते बहुतेक पिवळ्या जर्सीतले, केरळा ब्लास्टर्सचे. समोर हैदराबाद. गोलमध्ये बत्तीस वर्षांचा कट्टीमणी. बाबा शेजारी येऊन बसले. त्यांना फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. जन्म पॉवर स्टेशनच्या शिफ्टमध्ये गेला, क्रिकेटही धड बघायला मिळालं नाही.

केरळाच्या राहुलनं ६८व्या मिनिटाला गोल केला. ८८व्या मिनिटाला साहिल तावोरानं लांबून मारून बरोबरी साधली. एक्स्ट्रा टाइममध्ये काही झालं नाही. पेनल्टी. मी उभाच राहिलो.

लेस्कोविचची पहिली पेनल्टी कट्टीमणीनं अडवली. दुसरी निशू कुमारची, तीही अडवली. मी ओरडलो, आणि रेफ्रीनं हात वर केला. पुन्हा मारा.

"पुन्हा काऊन मारू देऊन राहिले त्याले?" बाबा म्हणाले.

"किक मारताना कीपरचा एक तरी पाय रेषेवर पाहिजे. याचे पुढे आले होते."

"मंग अडवली ते गेली?"

"गेली."

"मंग आता?"

"आता पुन्हा अडवा लागन."

निशू कुमार पुन्हा धावत आला. कट्टीमणीनं पुन्हा अडवली. बाबांनी मांडीवर थाप मारली. पुढे जिक्सन सिंगचीही अडवली, म्हणजे चारपैकी तीन. नारझारीनं शेवटची मारली आणि हैदराबाद ३-१नं जिंकलं. सगळे धावत त्याच्या अंगावर पडले. माझ्याखेरीज त्या खोलीत कुणाला २०१५ आठवत नव्हतं, आणि टीव्हीवर तर जल्लोषच चालला होता.

मग मी बाबांना नोव्हेंबरचं सगळं सांगितलं. डिलीट म्हणजे काय इथपासून. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्या ऑर्डरी मंग परत आल्या का नाही?"

"काही आल्या. ईमेल शोधून हातानं भरल्या. तीन दिवस लागले."

"कोणं भरल्या?"

"मीच."

"हं," म्हणाले, आणि जेवायला ताटं घ्यायला उठले.